भाताचे साल आणि तीन नारिंगी तारे

वैशाख सरत आला, राब भाजून वाफे काळे पडले आणि कुंडलिकेच्या दोन्ही तीरांवरील टेकड्यांत करवंदे संपून जांभळे दिसू लागली, की कोलाड पंचक्रोशीतील वयस्क शेतकरी आकाशाकडे नव्हे तर भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहतो, आणि २५ मेच्या चौकटीतील बारीक अक्षरे डोळ्यांजवळ नेऊन वाचून घरात वर्दी देतो की, रोहिणी लागली. एवढ्या दोन शब्दांनी घरातील सारा कारभार बदलतो. कणगीतले बियाणे बाहेर येते, नांगराचा फाळ लोहाराकडे जातो, इरल्याची पाने चाळून पाहिली जातात आणि ज्याने अद्याप घरावर कौले परतली नाहीत त्याला शेजारी हटकून टोमणा मारतो. लहानपणी असल्याच एका सकाळी मी एका वृद्ध गृहस्थांना विचारले होते की, "आजोबा, रोहिणी लागली म्हणता, पण ती आहे कुठे? मला दाखवा ना." त्यांनी बियाण्याच्या टोपलीतून मान वर न करता उत्तर दिले, "दिसाला ती काय मांडवातली नवरी हाय? लागली म्हंजे लागली."

त्या उत्तरात त्यांना वाटत होते त्याहून अधिक शास्त्र होते, हे कळण्यास मला बरीच वर्षे लागली. सूर्य वर्षभरात आकाशाच्या ज्या मार्गाने फिरताना दिसतो त्याचे आपल्या पूर्वजांनी सत्तावीस समान भाग केले. प्रत्येक भाग १३ अंश २० कलांचा, आणि तो ओलांडण्यास सूर्याला तेरा-चौदा दिवस लागतात. शेतकऱ्याचे नक्षत्र म्हणजे हा सूर्याचा मुक्काम होय. रोहिणीची ठळक तारका सूर्यमार्गापासून जेमतेम साडेपाच अंश दक्षिणेला असल्यामुळे, मे महिना संपता संपता सूर्य तिच्या अगदी जवळून जातो, ती त्याच्याबरोबर उगवते, त्याच्याबरोबर मावळते, आणि दिवसाच्या झगझगाटात पार बुडून जाते. रोहिणीच्या पंधरवड्यात रोहिणी दिसणे म्हणूनच अशक्य. पुढे ज्येष्ठाच्या अखेरीस ती पहाटे पूर्वेला डोके वर काढू लागते, तोवर सह्याद्रीवर ढगांचे असे काही दळ चढलेले असते की तारकांची चौकशी करण्यास कोणी बाहेर पडत नाही.

ही हकिकत एका रोहिणीची असती तर मी लिहावयास बसलो नसतो. आपल्या भाताच्या सालाचे तीन टप्पे पाहा. धुळवाफेवर पेरा होतो तो रोहिणीत. रोपे हातभर होऊन गुडघाभर चिखलात लावणीची घाई उडते ती जुलैच्या पूर्वार्धात, पुनर्वसूत, ज्याच्या पावसाला आपले लोक तरणा पाऊस म्हणतात. आणि हळवे भात घरात येऊन गरव्याची कापणी चालू होते ती ऑक्टोबरच्या अखेरीस, सूर्य स्वातीत गेल्यावर. आता या तीन नक्षत्रांच्या मुख्य तारका आधुनिक ज्योतिर्विदांच्या वहीत पाहिल्या तर तिन्हींच्या पुढे एकच शेरा आढळतो, तो म्हणजे नारिंगी राक्षसी तारा. रोहिणी म्हणजे पाश्चात्त्यांचा आल्डेबरान, पुनर्वसू म्हणजे पोलक्स, स्वाती म्हणजे आर्क्टुरस; तिन्ही आपल्या सूर्याहून थंड, सूर्याहून अनेक पटींनी मोठे, आणि आपल्या आयुष्याच्या उत्तरार्धात शिरलेले. याला योगायोगापेक्षा मोठे नाव देण्याचा मोह मी कटाक्षाने टाळतो, कारण मृग, आर्द्रा, हस्त, चित्रा यांच्या तारका निरनिराळ्या जातींच्या आहेत आणि चित्रा तर निळसर पांढरी आहे. परंतु पेरा, लावणी आणि कापणी या तिन्हींवर नारिंगी दिवा टांगलेला असावा, ही गोष्ट एकदा ध्यानात आल्यावर विसरताही येत नाही.

शेतकऱ्याच्या या गणिताला राजसत्तेनेही मान तुकविली होती, याची साक्ष आपल्या जुन्या दफ्तरांत विपुल आहे. मराठी राज्याच्या कागदांवर जो सुहूर सन घातलेला दिसतो, त्याचा आरंभ इ.स. १३४४ मधील तुघलकी अमलापासून धरला जातो. अंक अरबी शब्दांत, वर्ष सौर, आणि वर्षाचा पहिला दिवस म्हणजे सूर्य रोहिणी सोडून मृगात पाऊल ठेवतो तो. म्हणूनच त्याला मृगसाल असे सुटसुटीत नाव पडले. चांद्र हिजरी सनाचे वर्ष ऋतूंशी फारकत घेऊन दरसाल दहा-अकरा दिवस मागे सरकते, आणि सारा तर रयतेच्या खळ्यावर धान्य पडेल तेव्हाच वसूल व्हावयाचा. तेव्हा कमाविसदाराच्या जमाखर्चाला पावसाशी बांधलेले वर्ष हवे होते, आणि ते कुणब्याच्या घरी आयते तयार होते. 'इसन्ने सबैन मया व अलफ' असे एखाद्या जीर्ण कागदावर वाचले की प्रथम छाती दडपते. पण उलगडून पाहता तो केवळ ११७२ हा आकडा असतो, त्यात ५९९ मिळविले की १७७१ येतात, आणि मृगापासून मृगापर्यंतचे एक साधे भाताचे साल डोळ्यांपुढे उभे राहते. दक्षिणेतील फसली सनही असाच मृगाला बदलत असे. अर्थात रोहिणीचा पंधरवडा हा जुन्या अमलात हिशेबी वर्षाची अखेर होती. मागील बाकी, पुढील कौल, बियाण्याची तगाई, सर्वांचा निकाल या न दिसणाऱ्या तारकेच्या साक्षीने होई. पुढे इंग्रजी अमदानी आली. आज आपले महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होते. त्या दिवशी सूर्य पुष्यात असतो, आणि त्याची दखल तलाठी घेत नाही, शेतकरीही घेत नाही.

मृग कोणत्या दिवशी लागला हे सांगावयाचे कोणी? हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही, आणि त्याचे उत्तर शोधीत गेलो असता मला आपल्याच जिल्ह्यातील एका किनाऱ्यावर येऊन थांबावे लागले. मुरूडच्या उत्तरेस नांदगाव म्हणून नारळी-पोफळींत दडलेले गाव आहे. कोलाडहून रोहा गाठून पश्चिमेकडील डोंगर ओलांडले की समुद्राकाठी ते लागते. 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा १८९६ सालचा अपूर्व ग्रंथ लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी, केशव दैवज्ञ व त्याचा पुत्र गणेश दैवज्ञ यांचे नंदिग्राम ते हेच, असे ठरविले आहे. केशवाने शके १४१८ मध्ये, म्हणजे इ.स. १४९६ च्या सुमारास, 'ग्रहकौतुक' रचले, आणि जुन्या सिद्धान्तांवर डोळे मिटून विश्वास न ठेवता कोणता ग्रह कोणत्या ग्रंथाप्रमाणे आकाशात प्रत्यक्ष जुळतो हे स्वतः वेध घेऊन पाहिले. पोथी मिळाली म्हणजे आकाश मिळाले असे मानणाऱ्यांची आपल्याकडे कधीच वाण नव्हती. त्यांच्या गर्दीत हा किनाऱ्यावरचा ब्राह्मण रात्र-रात्र जागून पोथी आकाशाशी रुजू घालीत होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. गणेशाने शके १४४२ मध्ये, इ.स. १५२० ला, 'ग्रहलाघव' सिद्ध केले; ज्या-चापांचे किचकट गणित टाळून, अकरा-अकरा वर्षांची चक्रे पाडून, बेरीज-वजाबाकी-गुणाकार येणाऱ्या कोणाही जोश्याला ग्रह काढता यावेत असा तो करणग्रंथ. साडेतीनशे वर्षे महाराष्ट्रातील पंचांगे मुख्यतः त्याच्या आधारे निघाली. गावच्या जोश्याने मृग सांगावा आणि कुणब्याने औत जुंपावे, या व्यवहाराच्या मुळाशी नांदगावचे गणित होते.

याच ग्रंथात रोहिणीचा एक लहानसा प्रसंग आहे आणि तो सांगण्याचा मोह आवरत नाही. रोहिणीभोवतीच्या पाच तारकांची आकृती आपल्या लोकांना गाड्यासारखी दिसली, म्हणून तिला रोहिणीशकट म्हणत. शनी किंवा मंगळ हा गाडा फोडून गेला तर जगावर अनर्थ कोसळतो, अशी समजूत संहिताकारांच्या काळापासून चालत आलेली. गणेशाने भीती वाढविली नाही व भीतीची टवाळीही केली नाही; त्याने फक्त हिशेब मांडला. राहू पुनर्वसूपासून आठ नक्षत्रांत असतो तेव्हा चंद्र हा गाडा फोडतो, मंगळ आणि शनी यांच्या हातून मात्र ते कृत्य अन्य युगात होईल, सध्या होणे नाही, असा त्याचा निर्वाळा. चंद्राचे हे येणे अजूनही साडेअठरा वर्षांच्या फेऱ्याने होते. २०१५ ते २०१८ या काळात चंद्राने रोहिणीला वारंवार झाकले, आणि हाच क्रम २०३३ मध्ये पुन्हा सुरू व्हावयाचा आहे. पाचशे वर्षांपूर्वी सांगितलेला नियम आजच्या दुर्बिणींपुढेही खरा ठरतो, याहून मोठी शिफारस कोणत्या पंचांगकर्त्याला हवी?

परंतु पोथी एकदा जुळली म्हणून कायमची जुळत नाही. अयनगतीमुळे नक्षत्रे ऋतूंच्या मानाने हळूहळू पुढे सरकतात. जुन्या वर्षमानाने साठेक वर्षांत एक दिवस, असा तो सरकवा. गणेशाच्या काळी मृग ऋतुमानाने आजच्याहून सात-आठ दिवस अगोदर लागत असला पाहिजे, आणि वराहमिहिराच्या काळी तर सुमारे तीन आठवडे अगोदर. कोकणात पाऊस सर्वसाधारणपणे जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास येतो आणि मृगही ७-८ जूनला लागतो, हा जो आज आपल्याला सनातन वाटणारा मेळ आहे, तो वस्तुतः आपल्या काही शतकांपुरता आहे. फार मागे, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी, वसंतसंपाताचा सूर्यच रोहिणीपाशी होता. ती तारका तेव्हा पावसाची नव्हे, वसंताची दूती होती. पंचांगात ही सुधारणा झाली पाहिजे असे मराठीत ज्यांनी प्रथम साधार बजावले, त्या केरो लक्ष्मण छत्र्यांचा जन्मही याच जिल्ह्यातला, अलिबागजवळच्या नागावचा. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत उमेदवारी करून त्यांनी १८६० साली 'ग्रहसाधनाची कोष्टके' प्रसिद्ध केली आणि १८६५ पासून पटवर्धनी पंचांग निघू लागले. लोकांनी त्याचे स्वागत केले असे म्हणवत नाही. ग्रहणाची वेळ नव्या गणिताने बरोबर येते हे मान्य, पण एकादशी जुन्याच गणिताची हवी, असा आपला व्यवहारी बाणा.

हे झाले नावाचे आणि हिशेबाचे. खुद्द तारका कशी आहे, ते पाहावयाचे तर कोलाडच्या लोहारशाळेपासून आरंभ करणे बरे. मृगापूर्वीच्या त्या गडबडीत भात्याजवळ उभे राहिले म्हणजे दिसते की, फाळ प्रथम काळपट लाल होतो, मग नारिंगी, मग पिवळा, आणि फार धमावला तर पांढुरका. कारागीर उष्णतामापक पाहत नाही, रंग पाहून घण उचलतो. ताऱ्यांचा क्रमही हाच आहे, अंश मात्र फार वरचे. आपल्या सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,८०० केल्व्हिन इतका तप्त, म्हणून पिवळसर पांढरा. रोहिणीचा सुमारे ३,९०० केल्व्हिन, म्हणून नारिंगी. संस्कृतात रोहिणी म्हणजे तांबडी. म्हणजे तापमानाची नोंद आपल्या पूर्वजांनी नावातच करून ठेवली होती. अरबांनी मात्र तिच्या रंगाऐवजी तिची चाल टिपली: कृत्तिकांच्या पाठोपाठ येणारा, म्हणून अल्-दबरान.

थंड असूनही ती इतकी तेजस्वी कशी? सूर्याच्या सुमारे चारशे पट ऊर्जा ती बाहेर टाकते, आणि त्याचे कारण तिचा अवाढव्य विस्तार. तिचा व्यास सूर्याच्या सुमारे ४५ पट, म्हणजे सहा कोटी किलोमीटरांच्या वर. सूर्य उचलून त्याच्या जागी तिला बसविले तर बुधाच्या कक्षेपर्यंतचे निम्म्याहून अधिक अंतर तिच्या पोटात जाईल. मात्र एवढ्या देहात द्रव्य किती, तर सूर्याच्या सव्वापटीहूनही थोडे कमी! तेच द्रव्य इतक्या प्रचंड पोकळीत पसरले गेल्यामुळे तिची सरासरी घनता आपल्या श्वासातील हवेच्याही साठ-सत्तरावा हिस्सा भरते, आणि तिच्या पृष्ठभागावरील गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे साठाव्या भागाइतके दुबळे असते. स्वतःभोवती एक फेरी घेण्यास तिला दीड वर्ष लागते. राक्षसी म्हणतात खरे, पण हा राक्षस बव्हंशी फुगवटाच आहे, आणि मोठेपणाच्या या प्रकाराची ओळख आपल्याला आकाशात पाहिल्यावाचूनही असते.

हा फुगवटा आला कसा, हे समजण्यास राबाची उपमा मला सर्वांत सोयीची वाटते. शेण, टाहाळ, पातेरा यांचे थर वाफ्यावर पसरून, वर माती टाकून, वारा पाहून एका कडेने आग लावतात. ती भडकत नाही, सरकत जाते, आणि जिथून ती सरकली तिथे राख उरते. ताऱ्याच्या गर्भात हायड्रोजनचे हीलियम होत असते, तोच त्याचा अग्नी. रोहिणीचे वय सहा अब्ज वर्षांच्या पुढचे आहे. तिच्या गर्भातील हायड्रोजन केव्हाच सरून हीलियमची राख साचली आहे, आणि जळण्याची क्रिया त्या राखेभोवतीच्या एका कवचात चालू आहे. राखेचा गोळा स्वतःच्या भाराने आक्रसत जातो, त्यामुळे कवच अधिकच प्रखर जळते, आणि त्या धगीने बाहेरचे थर फुगून दूर जातात. दूर गेले म्हणून थंडावतात, थंडावले म्हणून नारिंगी दिसतात. पुढे गर्भाचे तापमान दहा कोटी अंशांच्या घरात गेले की ती राखच पेट घेईल, आणि इथे माझी उपमा तुटते, कारण राबाची राख काही पुन्हा पेटत नाही. आपल्या सूर्यालाही आणखी सुमारे पाच अब्ज वर्षांनी या वाटेने जावयाचे आहे.

हे ज्ञान आपल्याला ज्या पायऱ्यांनी मिळाले त्यांत रोहिणीचा वाटा मोठा आहे. १७१८ साली एडमंड हॅली याने तिची, व्याधाची व स्वातीची स्थाने ग्रीकांच्या नोंदींशी ताडून पाहिली आणि अचल म्हटले जाणारे तारे चालतात हे दाखविले. १८६४ मध्ये विल्यम हगिन्स व मिलर यांनी तिचा प्रकाश लोलकातून फोडून तीत सोडियम, लोह, कॅल्शियम ही आपल्याच मातीतली द्रव्ये ओळखली. गाड्याच्या ज्या तारकांत ती बसलेली दिसते त्या मात्र तिच्या कोणी नव्हेत. त्या सुमारे दीडशे प्रकाशवर्षांवर आहेत, ती अवघ्या पासष्ट. एसटीच्या खिडकीतून दोन डोंगरांमागचा दिवा जवळच्या झाडावर लोंबताना दिसावा, तसला हा भास. आज तिचा जो किरण कुंडलिकेच्या पाण्यात पडतो तो महाराष्ट्र राज्य जन्मास आले त्या सुमारास निघालेला आहे. पुनर्वसूची तारका याहून जवळ, चौतीस प्रकाशवर्षांवर, आणि आकाराने पुष्कळ लहान, सूर्याच्या नऊ पट. स्वाती सदतीस प्रकाशवर्षांवर आणि सूर्याच्या पंचवीस पट. स्वातीचे एक वैशिष्ट्य सांगितलेच पाहिजे की, ती सूर्यमार्गाच्या फार उत्तरेला असल्यामुळे आपल्या पंधरवड्यातही पुरती लोपत नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवसांत ती सूर्यानंतर सुमारे चाळीस मिनिटांनी मावळते आणि दुसऱ्या दिवशी तितकीच आधी उगवते. रेवदंड्याच्या किनाऱ्यावर, क्षितिज स्वच्छ असेल तर, संधिप्रकाशात तिला क्षणभर पकडता येते. कोलाडला डोंगर आड येतात.

कोलाडला आता पुष्कळच गोष्टी आड येतात. मुळशीचे पाणी १९२७ पासून भिऱ्याच्या वीजघरातून खाली कुंडलिकेत पडू लागले आणि नदीने नक्षत्रांची ताबेदारी सोडली. ऐन वैशाखात, शेजारचे ओढे खडखडीत असता, वीजघराचे यंत्र फिरले की इथे पात्र भरते, आणि त्याच पाण्यावर मुंबई-पुण्याची तरुण मंडळी रबरी तराफ्यांतून किंचाळत उतरतात. डोलवहाळच्या बंधाऱ्यातून कालवे निघाले आणि जे भात रोहिणीत पेरले जाई ते उन्हाळ्यातही उभे दिसू लागले. अशा शेताला रोहिणी लागली काय आणि न लागली काय! तरीसुद्धा दिनदर्शिकेच्या चौकटीत, बेडूक, म्हैस, मोर यांपैकी जे वाहन पंचांगकर्त्याने नेमून दिले असेल त्यावर बसून, नक्षत्रे दरसाल येतातच; आणि वाहन बेडूक असले तर घरातील तरुण पदवीधरही हवामानखात्याचा अंदाज बाजूला ठेवून समाधानाने मान डोलावतो. मी त्याला हसत नाही. नांदगावच्या बापलेकांनी मात्र त्याला आधी आकाश पाहून ये म्हणून सांगितले असते.

तेव्हा वाचकाला माझी एवढीच विनंती आहे. रोहिणी पाहावयाची ती तिच्या पंधरवड्यात नव्हे, त्याच्या बरोबर सहा महिन्यांनी. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, भात झोडून खळी मोकळी झाली असता, सायंकाळी साडेसातच्या सुमारास कोलाडच्या पुलावर यावे, महामार्गाच्या दिव्यांकडे पाठ करावी आणि भिऱ्याच्या बाजूला डोंगरावर पाहावे. कृत्तिकांच्या पुंजक्याखाली जी एकटी नारिंगी तारका दिसेल, ती रोहिणी.